बाजेखालचा निखारा

आमच्या घरात मी पहिला मार खाल्ला तो ओल्या लाकडापायी. आठ-नऊ वर्षांची असेन. आईबरोबर जंगलात गेले होते आणि मोळी लवकर भरावी म्हणून ऐनाचा एक ओला फाटा मी मधे दडपला. घरी आईने बंब पेटवला तर तो फाटा नुसता फसफसत बसला, टोकातून फेस काढत. पाणी कोमटच राहिलं. बाबा कामावरून आले, बादलीत हात घातला आणि लाथेने बादली उडवली. मग आईने तोच फाटा बंबातून ओढून काढला आणि माझ्या पोटऱ्यांवर दोनदा मारला. अर्धा जळलेला होता.

बाबा आनंदनगरला एका केमिकलच्या कारखान्यात ठेकेदाराकडे ड्रम ढकलत. अंगाला सदा खाज. घरी आल्यावर चटका बसेल असं पाणी, एवढी एकच गोष्ट ते मागत. ती मिळाली नाही तर त्या दिवशी घरात कुणीतरी मार खाई. त्यामुळे बदलापूरच्या मागे, बारवीच्या बाजूला असलेल्या आमच्या वाडीत इतरांच्या घरी चूल हे घराचं पोट असेल. आमच्याकडे बंबाचा मान आधी. तांब्याचा, आजोबांच्या वेळचा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राख पडायची जाळी. तो पेटता राहावा म्हणून आई रोज डोंगरात जायची. एकदा गार्डाने तिचा कोयता काढून घेतला आणि मोळी डोक्यावर तशीच ठेवून तिला कान धरायला लावले. मी शेजारी उभी होते. डोक्यावर मोळी असताना कान धरले की मोळी पडते. ती पडली की तो हसायचा आणि पुन्हा उचलायला लावायचा.

आम्ही चार भावंडं झालो. उरलो दादा आणि मी. मधली दोन पाळण्यातच गेली.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात गेले तेव्हा माझ्या ओढणीला धुराचा वास यायचा. मुली मला ‘धुराडी’ म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या, मागे नाही, एवढा त्यांचा प्रामाणिकपणा. मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. आमच्या अख्ख्या भावकीत दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. हे मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला? मोठेपणा मिरवायलाच सांगते. आनंदनगरलाच एका कारखान्याच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. ज्या गेटमधून बाबा ड्रम ढकलत आत जायचे, त्याच्या पलीकडच्या गेटमधून मी गळ्यात कार्ड अडकवून जायला लागले. घरात माझा शब्द चालू लागला आणि मीही तो चालवला.

आईचा गुडघा गेला आणि जंगलाला कुंपण पडलं, ही दोन्ही एकाच वर्षातली गोष्ट. गॅस होता, पण सिलिंडर संपला की नवा कधी चढून येईल याचा नेम नाही, म्हणून तो स्वयंपाकापुरता. विजेवर पाणी तापवायचं म्हटलं तर आमच्या टोकाच्या घरात ट्यूबलाइटसुद्धा पेटायच्या आधी विचार करायची. मी जाहीर केलं, ‘‘जळणाचं मी बघते. तुम्ही कुणी डोकं लावू नका.’’

डोकं मी लावलं. गोवऱ्या लावून पाहिल्या. राखेने जाळी बुजली, पाणी तापेना. करवंट्या लावल्या. भडकन पेटल्या, आई पदर सावरेपर्यंत संपल्या. भातगिरणीतलं तूस नळीत ओतलं तर जाळ गुदमरला आणि सगळा धूर खालच्या तोंडातून घरात. दादा टेम्पो चालवायचा, माल घेऊन उल्हासनगरला जायचा. त्याने जीन्सच्या कातरणीचं एक पोतं आणलं. ते जळताना जो वास सुटला त्याने शेजारची म्हातारी काठी टेकत दारात आली. ‘‘कोण गेला गो? जाळायला नदीवर नेत नाय का आता?’’ म्हणाली.

मग उल्हासनगरचा कॅम्प पाच. तिथे फर्निचरचे कारखाने आहेत, रस्त्याकडेला कपाटांचे सांगाडे उभे असतात. दादाच्या ओळखीचे एक सिंधी शेठ होते. त्यांच्या मागच्या अंगणात प्लायचे, सनमायका चिकटवलेले, भुशाच्या बोर्डाचे तुकडे ढिगाने पडलेले. वीतभर लांब, खणखणीत सुके, बंबाच्या नळीत बरोबर मावतील असे. कापायला नको, वाळवायला नको. मी तुकडा हातात घेऊन आपटून पाहिला, आणि मला वाटलं, मी जिंकले.

शेठ म्हणाले, ‘‘ले जाओ बेटा, जितना चाहिए. पर ये जलाने का माल नहीं है, फेंकने का माल है.’’

आतला एक कारागीर रंधा थांबवून म्हणाला, ‘‘मॅडम, इसका धुआँ आँख मारता है.’’

सगळे हसले. मला वाटलं, माझीच थट्टा चाललीय. मी म्हटलं, ‘‘मेरे को मत सिखाओ. मैं केमिस्ट्री पढ़ी हूँ.’’

तो म्हणाला, ‘‘फिर तो ठीक है,’’ आणि पुन्हा रंधा मारू लागला.

त्या तुकड्यांवर बंब असा पेटला की तोटीतून वाफ यायला लागली. बाबांनी आंघोळ केली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, ‘‘पोरीने काम केला.’’ डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा. पण आम्ही धुरातच वाढलेलो. धूर चुरचुरतो यात आम्हाला नवल ते काय!

तोवर दादाचं लग्न होऊन वहिनी दिवसांत होती. विठ्ठलवाडीच्या चाळीतली मुलगी. आई लहानपणीच गेलेली, बाप एकटा, एका खोलीत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी करणार कोण? म्हणून ती आमच्याकडेच राहिली, आणि हे तिला रोज ऐकवलं जायचं. आई म्हणायची, ‘‘माहेर नाय ते नाय, नखरे मात्र माहेरवाशिणीचे.’’ मी आईला थांबवत नव्हते. खरं सांगायचं तर मला वहिनी आवडत नव्हती. ती बारावी नापास होती आणि माझ्यापेक्षा स्वच्छ बोलायची.

एकदा ती नाकाला पदर लावून मला म्हणाली, ‘‘ताई, या लाकडाला रंगाच्या दुकानासारखा वास येतो.’’

मी म्हटलं, ‘‘तुला सगळ्याचाच वास येतो. सातवा महिना आहे.’’

मुलगी झाली. आईचं तोंड एवढंसं झालं, पण बाळंतिणीचं करायला ती चुकली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ‘‘पोरगी झाली म्हणून शेक कमी करायचा काय? उद्या उभं राहायला कंबर नको?’’ असं म्हणून ती रोज सकाळी वहिनीला कढत पाण्याने न्हाऊ घालायची. मग बाजेवर निजवायची आणि बाजेखाली शेगडी सरकवायची. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी. दार लावलेलं, खिडकीत पोतं कोंबलेलं, वारा लागू नये म्हणून. बाळ वहिनीच्या कुशीत. आमच्याकडे असंच करतात. माझ्याही वेळी केलेलं.

शेगडीतला निखारा कुठून येणार? बंबातूनच. पूर्वीपासून तसंच. न्हाणं झालं की बंबाच्या तळातले लालभडक निखारे घमेल्यात ओढायचे आणि शेगडीत भरायचे. कोळसा वेगळा आणून कोण पेटवतो? ऐनाचा, खैराचा निखारा असायचा तेव्हा ते ठीक असेल. मी जळण बदललं तेव्हा पाण्याचा विचार केला, नळीचा केला, राखेचा केला. निखारा तिथून उठून कुठे जातो हे मला माहीत होतं. रोज डोळ्यांसमोर जात होता. पण बंब ही एक गोष्ट आणि बाज ही दुसरी, असंच माझ्या डोक्यात बसलेलं.

बाराव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. त्या दिवशी आईने घाईत निखारे ओढले, त्यात बोर्डाचे न जळलेले, सनमायका सुटत चाललेले तुकडे होते. ते शेगडीत धुमसले. आधी बाळ खोकलं. मग रडलं. मग रडणं मधेच थांबलं.

वहिनी ओरडली, ‘‘आई, दार उघडा!’’

आई म्हणाली, ‘‘रडू दे गो, धुरीने छाती मोकळी होते.’’

‘‘रडत नाहीये ती! दार उघडा!’’

आई बाहेरून दार धरून उभी होती, वारा आत जाऊ नये म्हणून. वहिनीने आतून लाथ मारली. बारा दिवसांची बाळंतीण उघड्या डोक्याने, उघड्या पायांनी अंगणात आली आणि बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरून वाऱ्यात उभी राहिली. आई म्हणत होती, ‘‘डोकं बांध, डोकं बांध आधी.’’ मी बाळाचे ओठ पाहिले. जांभळाच्या आतल्या गरासारखे झाले होते.

दादाने टेम्पो काढला. बदलापूरच्या दवाखान्यात त्यांनी बाळाच्या तोंडावर मास्क लावला. एवढंसं तोंड, मास्क डोळ्यांपर्यंत येत होता. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

‘‘घरात काय जाळता?’’

मी पुढे झाले. घरात बोलायचं काम माझंच. ‘‘लाकूडच आहे. प्लायवुड.’’

‘‘बाळाच्या खोलीत? दार लावून?’’

बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

‘‘घरात शिकलेलं कुणी आहे का?’’

आई, बाबा, दादा, तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मुद्दाम नाही पाहिलं, सवयीने पाहिलं. बाईंनी विचारलं, ‘‘काय शिकलात?’’

‘‘बी.एस्सी. केमिस्ट्री.’’

त्या कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्लायच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं हे मला माहीत होतं. परीक्षेत त्याच्यावर पूर्ण उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट. ते जाळलं की काय सुटतं तेही लिहिलेलं. पण ते पेपरातलं होतं.

चार दिवसांनी बाळाला सोडलं. जोराचा धूर आजूबाजूला आला तरी पुन्हा असंच होऊ शकतं, दम लागत राहू शकतो, जपा, असं सांगून सोडलं. वहिनी दवाखान्यातूनच बापाच्या खोलीवर गेली. रिक्षात चढताना मला म्हणाली, ‘‘ताई, त्या घरात निखारा आहे तोवर मी आणि माझी मुलगी नाही. तुमच्या भावाला सांगा, दुसरी करायची तर करा.’’

आई घरी येऊन म्हणाली, ‘‘जाऊ दे. चाळीत संडासाच्या रांगेत उभी राहील बाळंतीण, तेव्हा कळेल.’’ दादा त्या दिवसापासून घरात जेवेना. टेम्पोतच बसून काहीतरी खायचा.

मी ठरवलं, जळण मी बिघडवलं, तर जळण मीच सुधारणार. आमच्या कारखान्यात बॉयलर कांड्यांवर चालतो. भुसा दाबून केलेल्या, मनगटाएवढ्या जाड, लाकडासारख्या दिसणाऱ्या. बॉयलरवर एक खानदेशी काका होते. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, सहानुभूती मिळेल.

‘‘प्लाय?’’ ते म्हणाले. ‘‘अहो लॅबवाल्या बाई, आम्ही बॉयलरलासुद्धा प्लाय देत नाही. आणि त्याला तर श्वास घ्यायचा नसतो.’’

पण शिकवलं त्यांनीच. कांडी मोडून आत काय दिसतं ते बघा. सनमायकासारखं चकाकणारं काही दिसलं तर तिथेच ठेवून द्या. तुकडा बादलीत टाका. नुसता दाबलेला भुसा असेल तर फुगून त्याचा लगदा होतो; होत नसेल तर आत डिंक आहे. राख बोटांत चोळा. खडे लागले तर माती मिसळलीय, ती वितळून तुमच्या जाळीला चिकटून बसेल.

पहिल्या कांडीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ‘‘एकदम शुद्ध लाकडाचा भुसा, ताई.’’

‘‘येतो कुठून?’’

‘‘कॅम्प पाचहून. फर्निचरवाल्यांकडचा. फुकट उचलतो आपण.’’

मी तिथेच हसायला लागले. त्याला वाटलं, बाई वेडी आहे. पोतं न घेता परत आले.

दुसऱ्या कांड्या वांगणीकडच्या, तुसाच्या. धूर नाही, पण राख इतकी की आईला दर थोड्या वेळाने सळईने जाळी कोचायला लागे, आणि कोचताना ती वहिनीच्या नावाने बोलत राही. तिसऱ्या मिळाल्या त्या वखारीतल्या खऱ्या लाकडाचा भुसा आणि शेंगांची टरफलं मिळून केलेल्या. बादलीत टाकली तर बघता बघता लगदा. राख मऊ. पहिली खेप मी मूर्खासारखी जमिनीवर रचली, ओल धरून खालच्या कांड्यांचा चुरा झाला. मग खाली फळ्या घातल्या. हातोडीने चार तुकडे करून नळीत टाकल्या की पाणी कढत, डोळ्यांना काही नाही. बंबही मी घरातून काढून मागच्या पडवीत नेला आणि वर पत्र्याचं धुराडं बसवलं.

एक कांडी पिशवीत घालून मी विठ्ठलवाडीला गेले. वहिनी खोलीत बाळाला वाफ देत होती. बाप बाहेर बाकड्यावर बसला होता, मला बघून त्याने तोंड फिरवलं. मी कांडी काढली. सांगायला लागले, वखारीचा भुसा आहे, डिंक नाही, राख अशी—

ती म्हणाली, ‘‘ताई, मला कांडी दाखवू नका. आई शेगडीचं काय म्हणतात ते सांगा.’’

मी कांडी परत पिशवीत घातली. कारण आई म्हणत होती, आता जळण चांगलं आहे, तर शेक नीट देता येईल. आणि मला तर हेही माहीत होतं की चांगल्यातल्या चांगल्या कांडीचा निखारासुद्धा बंद खोलीत बाजेखाली ठेवला तर बाळाचा जीव घेऊ शकतो. त्यातून सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही. जळण निवडणं मला जमलं होतं. अवघड काम पुढेच होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, ‘‘यापुढे बंबातला निखारा घरात येणार नाही. कुठल्याच जळणाचा. शेगडी नाही, धुरी नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं.’’

आई म्हणाली, ‘‘रबराची पिशवी? बाळंतिणीला? तू पोर काढलंयस काय गो एक तरी? माझी पोरं मी धुरीवरच वाढवली. काय झाला त्यांना?’’

मी म्हटलं, ‘‘चार होती. दोन गेली.’’

ती दोघं कशाने गेली, कुणालाच माहीत नाही. एक तापाने, एक झोपेत, एवढंच आई सांगायची. ती धुराने गेली असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नव्हता, आणि आधार नसताना बोलू नये हे मला लॅबमध्ये शिकवलेलं. तरी मी बोलले. तिला लागेल अशाच ठिकाणी बोलले, नेम धरून. बाबा ओट्यावर होते, ते उठून आत गेले. आईच्या हातात सूप होतं, त्यातले तांदूळ ती निवडत राहिली. खडे बाजूला काढायचे, ते परत सुपातच टाकत होती.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा तिने शेगडी आणि ते घमेलं स्वतः उचलून त्याच्या हातगाडीवर टाकलं. तो काय देतो म्हणाला तेही ऐकलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘तिला सांग. शेगडी नाय घरात.’’

मी तिची माफी मागितली नाही. तिनेही वहिनीची मागितली नाही. वहिनी लगेच आली नाही. तिसरा महिना उलटल्यावर आली आणि आल्या आल्या, चप्पल पायातच ठेवून, बाजेखाली वाकून बघितलं. मग न्हाणीत, मग पडवीत. आई बघत होती. म्हणाली, ‘‘झाली काय झडती?’’ वहिनी म्हणाली, ‘‘झाली,’’ आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं.

मुलगी आता चार वर्षांची आहे. तिला दम लागत नाही. बंब मागच्या पडवीत वखारीच्या भुशाच्या कांड्यांवर पेटतो, प्रत्येक पोत्यातली एक कांडी मी मोडून बादलीत टाकून बघते, आणि आमच्या घरात आणि वाडीतल्या आणखी चार घरांत बाळंतिणीच्या बाजेखाली निखारा ठेवत नाहीत.